फ्लो मीटरच्या आरएस-४८५ पोर्टची जोडणी: दोन तारा, चार मीटर, एक मल्टीमीटर

साखर कारखान्यात इन्स्ट्रुमेंटवाल्याला निवांत काम करायला मिळतं ते गळीत हंगाम बंद झाल्यावर. हंगामात कुणी तुम्हाला टर्मिनलला हात लावू देत नाही. म्हणून फ्लो मीटर ‘ऑनलाइन घ्यायचं’ काम हमखास एप्रिल-मेमध्ये निघतं. पाइपात पाणी नसतं आणि डोक्यावर ऊन असतं. वळवाच्या आधी सगळं उरकायचं असतं.

हे काम अलीकडे वाढलं आहे, त्याला कारणही आहे. केंद्रीय भूजल प्राधिकरणाच्या सप्टेंबर २०२० च्या मार्गदर्शक सूचनांपासून परवानगी घेऊन भूजल उपसणाऱ्या उद्योगांना टेलिमेट्रीसह (आकडे आपोआप दूर पाठवणाऱ्या सोयीसह) डिजिटल फ्लो मीटर बसवावं लागतं. सांडपाण्याच्या मीटरचे आकडेही वर पाठवायचे असतात. आजवर ज्या मीटरकडे महिन्यातून एकदा वही घेऊन जायचं, त्याच्या झाकणाखालचे दोन रिकामे टर्मिनल अचानक महत्त्वाचे झाले.

उदाहरणासाठी मी नेहमी भेटणारी मांडणी घेतो: चार इलेक्ट्रोमॅग्नेटिक फ्लो मीटर, दोन बोअरवेलवर, एक सांडपाणी प्रक्रिया केंद्रात येणाऱ्या लाइनवर आणि एक बाहेर जाणाऱ्या लाइनवर. पॅनेलपासून शेवटच्या मीटरपर्यंत ३०० मीटर केबल. पॅनेलमध्ये पीएलसी (यंत्रं चालवणारा छोटा औद्योगिक संगणक) किंवा टेलिमेट्रीचा डबा. पोर्ट आरएस-४८५, म्हणजे दोन तारांवरून आकडे पाठवण्याची पद्धत, आणि त्यावरची भाषा मॉडबस आरटीयू. अल्ट्रासॉनिक किंवा व्होर्टेक्स मीटर असलं तरी जोडणी हीच.

आधी पोर्ट आहे ना ते बघा

हसू नका. संचार कार्ड हा बऱ्याच मीटरमध्ये वेगळा पर्याय असतो आणि खरेदी विभागाने पैसे वाचवताना तोच वगळलेला असतो. नेमप्लेटवरचा ऑर्डर कोड मॅन्युअलमधल्या तक्त्याशी अक्षर न् अक्षर ताडून पाहा. ‘कम्युनिकेशन: हार्ट’ असं असेल तर तुमच्याकडे आरएस-४८५ नाही. हार्टचा सिग्नल ४-२० मिलिअँपिअरच्या त्याच दोन तारांवर स्वार होऊन येतो, त्याचा या लेखाशी संबंध नाही. काही जुन्या मीटरना आरएस-२३२ असतं. ते एकास एक जोडणीचं, जेमतेम १५ मीटरचं, सेटिंगपुरतं पोर्ट आहे. त्यावर चार मीटर लुपात, म्हणजे एकाच केबलवर एकामागोमाग, घेता येत नाहीत.

रिमोट प्रकारच्या मीटरमध्ये आणखी एक घोटाळा होतो. सेन्सर पाइपवर आणि ट्रान्समीटर भिंतीवर असेल, तर त्यांच्यामधली केबल कंपनीने दिलेली खास सिग्नल केबल असते. सेन्सरच्या इलेक्ट्रोडवरचा सिग्नल काही मिलिव्होल्टच असतो. त्या केबलला तोडू नका, जोड देऊ नका आणि तिच्या शिल्डला (तारांवरच्या धातूच्या संरक्षक आवरणाला) आपल्या संचार केबलचा शिल्ड तर मुळीच बांधू नका. आपलं काम ट्रान्समीटरच्या टर्मिनलपासून पुढे सुरू होतं.

झाकण उघडण्याआधी

मीटर २३० व्होल्टवर चालणारं असेल तर फेज, न्यूट्रल आणि संचाराचे टर्मिनल एकाच कप्प्यात, बोटभर अंतरावर असतात. उमेदवारीच्या काळात मी एका मीटरचं कार्ड असंच जाळलं. सप्लाय चालू ठेवून ‘दोनच तारा तर लावायच्यात’ म्हणत हात घातला आणि तारेचं मोकळं टोक फेजला टेकलं. पोर्ट गेलाच, त्याच लुपातला कन्व्हर्टरही गेला. या पोर्टला सहन होणारं व्होल्टेज उणे ७ ते अधिक १२ एवढंच आहे. तेव्हा एमसीबी पाडा, टॅग लावा, टेस्टरने नव्हे तर मल्टीमीटरने खात्री करा.

डिस्टिलरीच्या बाजूला मीटर असेल तर नियम आणखी कडक. इथेनॉलच्या भागात फ्लेमप्रूफ डबा सप्लाय चालू असताना उघडायचाच नाही, आणि केबल आत नेताना त्या क्षेत्रासाठी प्रमाणित डबल कॉम्प्रेशन ग्लँडच (केबल घट्ट धरून डब्यात घेणारा भाग) वापरायचा. परमिटची सही झाल्याशिवाय शिडी चढू नका.

केबल: इथे काटकसर करू नका

आरएस-४८५ चं गमक एका वाक्यात सांगतो. दोन तारांवरच्या व्होल्टेजमधला फरक मोजला जातो, जमिनीच्या तुलनेत एका तारेचं व्होल्टेज नव्हे. तारा एकमेकींना पिळलेल्या असल्या की बाहेरचा त्रास दोघींवर सारखाच पडतो, आणि फरक काढताना तो वजा होऊन जातो. सगळी करामत त्या पिळात आहे. म्हणून पीळ नसलेली साधी कंट्रोल केबल वापरली की ही पद्धत वापरून उपयोग काय? सेकंदाला ९६०० बिटच्या वेगाला शंभर मीटरवर तशी केबलही कित्येकदा चालून जाते हे मी नाकारत नाही. ती चालते, आणि मग शेजारचा मोठा पंप व्हीएफडीवर (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हवर) सुरू झाला की बंद पडते.

मागायची केबल अशी: पिळलेली जोडी, वर फॉइल आणि विणलेल्या बारीक तारांच्या जाळीचा शिल्ड, १२० ओहम इम्पिडन्स, २४ किंवा २२ एडब्ल्यूजी (तारेच्या जाडीचं माप). बेल्डनची ९८४१ ही एका जोडीची केबल बाजारात सगळ्यांना माहीत आहे. मी शक्यतो ३१०६ए किंवा तिच्या तोडीची देशी केबल घेतो. तिच्यात एका जोडीसोबत एक सुटी तारही असते, आणि त्या तिसऱ्या तारेचं काम पुढे येईलच. जमिनीखालून जाणार असेल तर आर्मर्ड घ्या किंवा जीआय पाइपातून न्या. उसाच्या पट्ट्यात घुशी भरपूर, आणि त्यांना केबलचं इन्शुलेशन का आवडतं कोण जाणे.

पॉवर केबलपासून निदान ३०० मिलिमीटर अंतर ठेवा, व्हीएफडीच्या मोटर केबलपासून त्याहून जास्त. ओलांडायचीच वेळ आली तर काटकोनात ओलांडा. एकाच ट्रेमध्ये शेजारी शेजारी नेऊ नका, मग ट्रे कितीही रिकामा दिसो.

लूप मारायचा, फांद्या फोडायच्या नाहीत

पॅनेलमधून निघालेली केबल पहिल्या मीटरमध्ये शिरते, त्याच टर्मिनलवरून दुसरी केबल निघून दुसऱ्या मीटरकडे जाते, तिथून तिसऱ्याकडे, तिथून चौथ्याकडे. इलेक्ट्रिशियन ज्याला इन-आउट म्हणतात तेच. मधल्या जंक्शन बॉक्समधून चार मीटरना चार फांद्या काढल्या तर प्रत्येक फांदीच्या टोकावरून सिग्नल परत उसळतो आणि पुढच्या बाइटवर आदळतो. मॉडबसच्या तपशीलपत्रात फांदी २० मीटरच्या आत ठेवायला सांगितलं आहे. माझं मत विचाराल तर फांदी हातभर असावी, नसलीच तर उत्तम.

एका प्रश्नाला मात्र आधीच उत्तर ठेवा: एक मीटर दुरुस्तीला काढलं तर पुढचे तीन बंद पडणार का? इन आणि आउटच्या दोन्ही तारा एकाच फेरूलमध्ये (तारेच्या टोकावर दाबून बसवायच्या धातूच्या नळीत) दाबल्या असतील तर नाही. मीटर काढा, फेरूल इन्सुलेट करून ठेवा, लूप अखंड राहतो. यासाठी दोन तारांचे जुळे फेरूल मिळतात, तेच वापरा. दोन नागड्या तारा एका स्क्रूखाली कोंबल्या की त्यातली एक सहा महिन्यांत हमखास ढिली होते.

मीटरपाशी करायची कामं

आता प्रत्यक्ष जोडणी. ग्लँडमधून केबल आत घ्या, पण त्याआधी बाहेर तिला खाली झोका द्या, म्हणजे पावसाचं पाणी केबलवरून ओघळत ग्लँडमध्ये न जाता झोक्याच्या तळाशी थेंबथेंब पडेल. ग्लँड बहुतेक मीटरवर एम-२० चा असतो. केबल बारीक आणि ग्लँडचं रबर मोठं असेल तर इन्सुलेशन टेप गुंडाळून भागवू नका, योग्य मापाचं रबर घ्या. न वापरलेल्या छिद्राला प्लास्टिकची टोपी नव्हे, मीटरच्या आयपी दर्जाचा (धूळ-पाणी तितकंच रोखणारा) प्लग लावा. मी असे डबे उघडले आहेत ज्यांत कुंभारमाशीने मातीचं घर बांधलं होतं आणि टर्मिनल त्या घराच्या भिंतीत चिणले गेले होते.

बाहेरचं आवरण गरजेपुरतंच काढा. जोडीचा पीळ टर्मिनलपासून बोटभर अंतरापर्यंत तसाच राहू द्या. पीळ सोडून तारा ऐसपैस पसरवल्या की कप्पा नीटनेटका दिसतो, पण तेवढी लांबी अँटेना होते. फॉइल कापा, ड्रेन वायरवर (शिल्डला लागून जाणाऱ्या नागड्या तारेवर) स्लीव्ह चढवा. दोन्ही तारांना फेरूल क्रिम्प करा आणि हलकं ओढून बघा.

शिल्डबद्दल मतमतांतरं पुष्कळ आहेत. मी पाळतो तो नियम असा: इन आणि आउटच्या ड्रेन वायर मीटरमध्ये एकमेकींना जोडायच्या, वर स्लीव्ह घालायची, मीटरच्या बॉडीला लावायची नाही. अशा रीतीने शिल्ड चौथ्या मीटरपासून पॅनेलपर्यंत अखंड येतो आणि फक्त पॅनेलमध्ये, एकाच ठिकाणी, इन्स्ट्रुमेंट अर्थला जातो. दोन्ही टोकांना अर्थ केला तर दोन अर्थपिटमधल्या व्होल्टेजच्या फरकाने शिल्डमधूनच करंट वाहू लागतो. मीटरच्या मॅन्युअलमध्ये वेगळं स्पष्ट लिहिलं असेल तर मॅन्युअल ऐका.

इथेच एक गल्लत होते. मॅगमीटरला, म्हणजे इलेक्ट्रोमॅग्नेटिक मीटरला, स्वतःचं अर्थिंग हवंच असतं. पाइप एचडीपीई, म्हणजे प्लास्टिकचा, असेल तर अर्थिंग रिंगही लागते, कारण मोजणीसाठी आतल्या द्रवाला संदर्भ मिळावा लागतो. ते अर्थिंग आणि संचार केबलच्या शिल्डचं अर्थिंग या दोन वेगळ्या गोष्टी. एकीच्या नावाखाली दुसरी टाळू नका.

आता ती तिसरी तार. फरक मोजला जातो हे खरं, पण दोन्ही तारा मिळून जमिनीपासून फारच वर किंवा खाली गेल्या, म्हणजे मघाच्या उणे ७ ते अधिक १२ च्या बाहेर, तर रिसीव्हरला काहीच कळत नाही. बोअरवेलची खोली आणि कंट्रोल रूम यांचे अर्थ वेगळे असतात, आणि त्यांच्यात काही व्होल्टचा फरक सहज पडतो. मीटरला ‘कॉमन’ किंवा ‘जीएनडी’ नावाचा टर्मिनल असेल तर सगळ्यांचे कॉमन या तिसऱ्या तारेने जोडा. शिल्डला कॉमन म्हणून वापरू नका. दोन इमारतींत अंतर जास्त असेल, किंवा विजा पडणारा माळ असेल, तर मध्ये आयसोलेटेड रिपीटर (दोन्ही बाजू विजेच्या दृष्टीने अलग ठेवून सिग्नल पुढे देणारा) आणि दोन्ही टोकांना सर्ज प्रोटेक्टर घ्या. त्यांची किंमत एका कार्डाच्या किमतीपुढे काहीच नाही.

ए आणि बी: या अक्षरांवर जाऊ नका

माझे सर्वांत जास्त तास इथे वाया गेले आहेत. आरएस-४८५ च्या मानकानुसार लाइन शांत असताना ‘बी’ ही तार ‘ए’ पेक्षा धन असते. मॉडबसचं तपशीलपत्रही हेच धरून चालतं. पण ट्रान्सीव्हर चिप (सिग्नल पाठवणारी आणि घेणारी) बनवणाऱ्या बहुतेक कंपन्यांनी आपल्या पिनांना उलटी नावं दिली: त्यांच्याकडे ‘ए’ धन. मीटर बनवणाऱ्यांपैकी काहींनी मानक पाळलं, काहींनी चिपवरची अक्षरं जशीच्या तशी झाकणावर छापली. तिसऱ्या गटाने ‘डी०’ आणि ‘डी१’ लिहिलं, चौथ्याने ‘अधिक’ आणि ‘उणे’. परिणामी ‘ए ला ए, बी ला बी’ अशी आदर्श जोडणी करूनही लाइन मुकी राहते आणि कंत्राटदाराचा माणूस दोन दिवस सॉफ्टवेअर बदलत बसतो.

उपाय साधा आहे. मीटर एकटं चालू करा, लुपाला न जोडता. मल्टीमीटर डीसी व्होल्टवर ठेवून दोन टर्मिनलमधलं व्होल्टेज मोजा. ज्या टर्मिनलवर लाल प्रोब असताना आकडा धन येतो, ती तुमची धन तार, मग तिच्यावर काहीही लिहिलेलं असो. पॅनेलकडच्या पोर्टवरही असंच मोजा. धनाला धन जोडा. झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने अधिक-उणे लिहून टाका. पोर्टमध्ये आतला बायस (लाइन शांत असतानाही तारांमध्ये थोडा व्होल्टेजचा फरक राखणारी सोय) नसेल तर आकडा शून्याच्या आसपास येतो. मग अंदाजाने जोडा आणि उत्तर आलं नाही तर तारा अदलाबदल करा. उलटं जोडल्याने काही जळत नाही, निव्वळ बोलणं होत नाही. अख्ख्या लुपात एकच रंग धन ठेवा.

पहिला संवाद टेबलावर

चारही मीटर जोडून मग सप्लाय देणं हा मोह आवरा. नवं मीटर बहुधा १ नंबरच्या पत्त्यावर सेट होऊन येतं, चारही. मास्टरने (विचारणा करणाऱ्या पीएलसीने किंवा लॅपटॉपने) ‘१ नंबर, प्रवाह सांग’ म्हटलं की चौघं एकदम ओरडतात आणि कुणाचंच कळत नाही. म्हणून प्रत्येक मीटरला लुपात घेण्याआधी लॅपटॉप आणि यूएसबी-४८५ कन्व्हर्टर लावून एकट्यानेच बोलतं करा.

डिस्प्लेच्या मेनूमधून पत्ता द्या: १ ते २४७ मधला कुठलाही. मी १ मोकळा ठेवतो आणि ११, १२, १३, १४ देतो, म्हणजे उद्या कुणी नवं मीटर तसंच लुपात टोचलं तरी भांडण होत नाही. वेग ९६०० पुरे. पॅरिटी (चूक ओळखण्यासाठीचा जादा बिट) मात्र जुळवा. मॉडबसच्या नियमानुसार मूळ सेटिंग इव्हन पॅरिटी, एक स्टॉप बिट असं आहे, पण पुष्कळ मीटर पॅरिटीविना येतात. चौघांनाही एकच सेटिंग हवं. सेटिंग बदलल्यावर काही मीटर सप्लाय बंद-चालू केल्याशिवाय ते स्वीकारत नाहीत. ‘सेव्ह केलं तरी जुनंच बोलतंय’ या तक्रारीचं मूळ बहुधा इथेच असतं.

लॅपटॉपवर मॉडबस पोल किंवा क्यूमॉडमास्टरसारखं एखादं साधन घ्या. वाचायला फंक्शन ०३ लागतं की ०४, ते मीटरच्या रजिस्टर तक्त्यात पाहा (रजिस्टर म्हणजे मीटरमधली आकडा ठेवायची जागा). तक्त्यात ४०००१ लिहिलं असेल तर लाइनवर प्रत्यक्ष जाणारा आकडा ० असतो, आणि काही कंपन्या थेट तो ० च छापतात. म्हणून उत्तर विचित्र आलं तर एक रजिस्टर पुढे आणि एक मागे वाचून बघा.

पाइपात पाणी नाही, मग तपासायचं काय? बऱ्याच मीटरमध्ये सिम्युलेशनची सोय असते. प्रवाह १२३.५ घनमीटर प्रति तास असा सेट करा. हा आकडा मी मुद्दाम निवडतो. ३२ बिटच्या फ्लोटमध्ये (दशांशाचे आकडे साठवण्याच्या पद्धतीत) तो दोन रजिस्टरांत मावतो: एकात १७१४३, दुसऱ्यात ०. सॉफ्टवेअरला साधे पूर्णांक दाखवायला सांगा, म्हणजे कुठलं रजिस्टर आधी येतं ते डोळ्यांना दिसेल. क्रम उलटा धरला तर तोच फ्लोट इतका सूक्ष्म होतो की स्क्रीनवर शून्यच दिसतं, आणि माणूस वायरिंग उसवायला लागतो. वायरिंगचा यात काही दोष नसतो. १७१४३ आला म्हणजे तारा, पत्ता, वेग, पॅरिटी सगळं बरोबर. उरलं ते पीएलसीतलं शब्दक्रमाचं, म्हणजे कुठलं रजिस्टर आधी धरायचं याचं, सेटिंग. तपासून झालं की सिम्युलेशन बंद करायला विसरू नका. मी एकदा विसरलो, आणि दोन दिवस कोरड्या बोअरवेलने इमानेइतबारे ताशी १२३.५ घनमीटर पाणी दिलं.

टोटलायझरकडे, म्हणजे आजवर एकूण किती पाणी गेलं त्या आकड्याकडे, वेगळं लक्ष द्या, कारण वर पाठवायचा आकडा बहुधा तोच असतो. तो ३२ बिट फ्लोट म्हणून वाचत असाल आणि एकक लिटर असेल, तर १,६७,७७,२१६ च्या पुढे एकेक लिटर मोजलाच जात नाही, फ्लोटमध्ये तेवढी जागा नसते. मोठ्या लाइनवर हा आकडा फार लवकर गाठला जातो. मीटर टोटलायझर पूर्णांक किंवा ६४ बिटमध्ये देत असेल तर तोच वाचा, नाहीतर एकक घनमीटर करा.

लूप बांधा आणि मोजा

टेबलावर चारही बोलले की लूप बांधायचा. टर्मिनेशन म्हणजे केबलच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा रेझिस्टर, धन आणि उणे तारांमध्ये आडवा. आपल्या उदाहरणात एक पॅनेलमध्ये, दुसरा चौथ्या मीटरमध्ये. पहिल्या तिघांत नाही. मीटरमध्ये यासाठी छोटा डीआयपी स्विच असतो, आणि ‘सगळे ऑन ठेवले की सिग्नल चांगला येतो’ असं मानणारा एकतरी फिटर प्रत्येक साइटवर असतो. ड्रायव्हर ५४ ओहमच्या भारापर्यंत सिग्नल देण्यासाठी बनलेला असतो, आणि दोन टर्मिनेटर मिळून ६० ओहम होतातच. तिसरा, चौथा लावला की त्याच्यावर जास्तीचं ओझं.

सगळ्यांचे सप्लाय बंद करा. पॅनेलमध्ये केबल पोर्टपासून सोडवा आणि दोन तारांमधला रेझिस्टन्स मोजा. २४ एडब्ल्यूजीची तार किलोमीटरला सुमारे ८४ ओहम. ३०० मीटर जाऊन परत यायचे म्हणजे ५० ओहम, अधिक टोकाचा टर्मिनेटर १२०. आकडा १७० च्या जवळ हवा. अनंत किंवा किलोओहमात आला तर तार तुटली आहे किंवा टोकाचा टर्मिनेटर लागलेला नाही. ९० च्या आसपास आला तर मध्यावर कुणीतरी दुसरा टर्मिनेटर चालू ठेवला आहे. ५० आला तर अगदी टोकाशी शॉर्ट आहे, त्याहून कमी आला तर शॉर्ट अलीकडे आहे, आणि आकड्यावरून अंतरही काढता येतं. २५ म्हणजे साधारण १५० मीटरवर. एवढं एका मापात कळतं.

आता केबल पोर्टला लावा, पॅनेलचा टर्मिनेटर धरून पुन्हा मोजा: ७० च्या थोडं खाली. ठीक.

मग बायस. लाइनवर कुणीच बोलत नसताना दोन तारांमध्ये किमान २०० मिलिव्होल्टचा फरक राहिला पाहिजे, नाहीतर रिसीव्हर शांततेलाच बाइट समजून कचरा वाचतो. त्यासाठी धन तारेला ५ व्होल्टकडे ओढणारा एक आणि उणे तारेला शून्याकडे ओढणारा एक असे दोन रेझिस्टर, साऱ्या लुपात एकाच ठिकाणी, बहुधा मास्टरपाशी. ५६० ओहमचे घेतले तर आपल्या लुपात पॅनेलपाशी सुमारे ३०० मिलिव्होल्ट मिळतात, पण ३०० मीटरवर, चौथ्या मीटरपाशी, २१० च उरतात. ६८० चे घेतले असते तर पॅनेलपाशी २४५ दिसून तुम्ही खूश झाला असता आणि टोकाला १७५ नेच भागवावं लागलं असतं. म्हणून हे माप पॅनेलपाशी घेऊन थांबू नका, शेवटच्या मीटरपाशी जाऊन घ्या. नव्या चिपांना कमी बायस चालतो, हे खरं. पण साइटवर कुठल्या मीटरमध्ये कुठली चिप आहे हे सांगायला कुणी येत नाही.

बायस चालू असताना आकडा उणे आला तर धन-उणे कुठेतरी उलटलं आहे. तीन-चार व्होल्ट आला तर टर्मिनेटर नाहीत.

एकेक मीटर आत घ्या

पहिल्यांदा पॅनेलमधून फक्त ११ नंबर वाचा, बाकी तिघांचे सप्लाय बंद. पाच मिनिटं बघा, एकही चूक नको. मग १२, मग १३, मग १४. चूक जिथे सुरू होते तिथेच दोष असतो, किंवा त्याच्या अलीकडच्या केबलमध्ये. चौघं एकदम घेऊन मग शोधणं म्हणजे गवताच्या गंजीत सुई.

वेळेची काळजी करू नका. ९६०० ला दोन रजिस्टरांची विचारणा ८ बाइटची, उत्तर ९ बाइटचं, मिळून २० मिलिसेकंदही लागत नाहीत. मीटरच्या विचार करण्याचा वेळ धरला तरी चौघांची फेरी सेकंदात होते. पण टाइमआउट १ सेकंद आणि तीन पुन्हा-प्रयत्न ठेवले असतील, तर एक मीटर बंद पडल्यावर प्रत्येक फेरी त्याच्यासाठी चार सेकंद खोळंबते आणि ऑपरेटर म्हणतो, ‘सगळंच स्लो झालंय.’ टाइमआउट ३०० मिलिसेकंद आणि एक पुन्हा-प्रयत्न मला पुरतो.

शेवटी आसपासचे सगळे मोठे पंप आणि व्हीएफडी चालू करायला लावा. हंगामाबाहेर हे करायला कुणी तयार होत नाही, तरी तासभर मागून घ्या. पंप बंद असताना चालणारा संचार म्हणजे अजून तपासलेला संचार नव्हे. पंप चालू केल्यावर सीआरसीच्या (संदेश वाटेत बिघडल्याचं दाखवणाऱ्या तपासणीच्या) चुका दिसू लागल्या तर आधी शिल्ड दोन ठिकाणी अर्थ झाला आहे का पाहा, मग केबलचा मार्ग, मग तिसरी तार. वेग कमी करणं हा शेवटचा उपाय, कारण तो आजार झाकतो.

दाराच्या आतला कागद

पॅनेलच्या दारावर आतून एक कागद लावा. त्यावर लुपाचं चित्र, कुठल्या मीटरनंतर कुठलं मीटर, केबलची लांबी, कुठल्या रंगाची तार धन, प्रत्येकाचा पत्ता, वेग आणि पॅरिटी, टर्मिनेटर कुठे कुठे आणि बायस कुठे. खाली आज घेतलेली मापं तारखेसह: केबल सोडवून १६८ ओहम, पॅनेलपाशी ३०० मिलिव्होल्ट, टोकाला २१०, असं जे आलं असेल ते. फ्लोटचा शब्दक्रमही लिहा, तो पीएलसी बदलल्यावर सगळ्यांत आधी विसरला जातो. कागद लॅमिनेट करा आणि चिकटवताना दाराच्या रबरापासून दूर चिकटवा, तिथे पाली अंडी घालतात.